‘आज नहीं, मॅडमजी’

बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ हिमस्खलन होऊन सीमा सडक संघटनेचे कामगार गाडले गेल्याची बातमी 28 फेब्रुवारी 2025 ला टीव्हीवर लागली, तेव्हा मी हॉलमध्ये फतकल मारून बसले होते आणि गुलमर्गच्या स्कीइंगसाठी घेतलेलं घडीचं फावडं सॅकमध्ये कसं मावेल ते बघत होते. आईने टीव्हीकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी मूळची सह्याद्रीतली भटकी. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, धारेवर वारा लागला की सॅक कशी सांभाळायची, हे येतं. बर्फाशी ओळख उशिरा झाली, पस्तिशीनंतर. 2018 मध्ये औलीला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला. तेव्हा जोशीमठहून वर जायला रोपवे होती. 2023 च्या जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं आणि ती बंद झाली. औलीचा उतार देखणा आणि समंजस. समोर नंदादेवी, दोन्ही बाजूंना झाडी, मधे दाबून सपाट केलेला बर्फ. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवलेल्या, गुडघे वाकवलेले, असं बदकासारखं खाली यायचं, पडायचं, उठायचं. घ्यायचा निर्णय दिवसाला एकच असे: आणखी एकदा वर जायचं की मॅगी खायची.

2020 च्या फेब्रुवारीत गुलमर्गला पुढचा कोर्स केला आणि तिथे पहिल्यांदा कळलं की डोंगरावर खुणा नसलेला बर्फच जास्त असतो. यंत्राने दाबलेला, खांब रोवलेला उतार म्हणजे पिस्ट. बाकी सगळं ऑफ-पिस्ट. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, साधारण 2,650 मीटरवरून निघतो, कोंगडोरीला पहिला टप्पा संपतो आणि दुसरा टप्पा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथे गोंडोलाच्या तारांखालचा मधला बाऊल तेवढा स्की पेट्रोल (उतारावर गस्त घालणारी तुकडी) तपासून, गरज पडली तर स्फोटकं लावून सैल बर्फ आधीच पाडून, मग उघडते. बाऊल म्हणजे परातीसारखा खोलगट उतार. त्याच्या डावी-उजवीकडे मैलोन् मैल धार पसरलेली आहे, नळ्या म्हणजे चिंचोळ्या घळी आहेत, दुसरे बाऊल आहेत. तिकडे ना खांब, ना दोरी, ना कुणी बघणारा. त्या वेळी आमच्या प्रशिक्षकाने धारेकडे बोट दाखवून एवढंच सांगितलं होतं, “वो बाद में.”

हे ‘बाद में’ यायला पाच वर्षं गेली. मधे कोविड आला, मग नोकरी बदलली, आणि 2023 मध्ये धाकट्या भावाकडे जपानला गेले. तो टोकियोत असतो. त्याने मला होक्काइदोला निसेकोला नेलं. निसेकोचा डोंगर म्हणजे अन्नुपुरी, उंची 1,308 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटका. मला मनातून हसूच आलं. पण सायबेरियाचा वारा समुद्रावरून ओलावा उचलून आणतो आणि त्या बुटक्या डोंगरावर असा काही बर्फ ओततो की शेवटच्या लिफ्टपासून स्की खांद्यावर टाकून माथ्यावर चढताना मी मांडीपर्यंत रुतले. समोर योतेई ज्वालामुखी, आणि पिठासारखा कोरडा बर्फ. हसू जिरलं.

निसेकोतही हद्दीबाहेर जाता येतं, पण गेटमधून. अशी अकरा गेटं आहेत. पेट्रोलची माणसं पहाटे वारा आणि बर्फ बघून ठरवतात, कुठलं उघडायचं. रोज सकाळी हिमस्खलनाची माहिती लिहून लावतात. दोरीखालून वाकून गेलात तर लिफ्टचा पास काढून घेतात. पहिल्या दिवशी गेट बंद होतं. मी भावाला म्हटलं, “अरे, ऊन पडलंय की!” तो म्हणाला, “ताई, बंद म्हणजे बंद. इथे हुज्जत घालायला समोर माणूसच नाही.” खरंच नव्हता. एक दोरी होती आणि एक पाटी. आम्ही निमूट खाली जाऊन रामेन खाल्लं. भावाचं ते वाक्य मला दोन वर्षांनी गुलमर्गला आठवलं.

परत आल्यावर ठरवलं की आता नीट तयारी करायची. ऑफ-पिस्टला तीन गोष्टी प्रत्येकाच्या अंगावर हव्यात: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. ट्रान्सीव्हर छातीला बांधायचा. तो सतत रेडिओ संदेश सोडतो आणि कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापला शोधाच्या मोडवर टाकून त्या संदेशामागे जायचं. प्रोब म्हणजे घडीची लांब काठी, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायला. आणि मग खणायचं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची आशा चांगली असते. अर्धा तास उलटला की ती झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही. म्हणजे वाचवणार कोण, तर सोबतचे दोघं-तिघं. म्हणून सराव.

सराव ठाण्यात, आमच्या सोसायटीच्या बागेत. पुण्याचा एक ट्रेकमित्र बरोबर येणार होता; तो शनिवारी यायचा. एकाने ट्रान्सीव्हर डब्यात घालून पालापाचोळ्याच्या ढिगात पुरायचा, दुसऱ्याने शोधायचा. यंत्रावरचा बाण सरळ नेत नाही, वळणावळणाने नेतो, आणि घाई केली की हमखास चुकतो. शेवटच्या टप्प्यात यंत्र जमिनीलगत धरून आधी एका रेषेत, मग आडव्या रेषेत सरकवायचं आणि आकडा सगळ्यांत लहान येईल तिथे थांबायचं. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली. माझा मित्र पाल्याखाली असता तर मी त्याच्या घरी कसं तोंड दाखवलं असतं? वॉचमन तीन शनिवार बघत होता. चौथ्या शनिवारी न राहवून त्याने विचारलंच, “ताई, सोन्याचं काही हरवलंय का?” तोवर मी चार मिनिटांच्या आत आले होते.

विम्याचं प्रकरण वेगळंच. मी फोनवर तीनदा विचारलं, स्कीइंग चालेल का? चालेल म्हणाले. पॉलिसी हातात आल्यावर बारीक अक्षरांत दिसलं की खुणा केलेल्या उताराबाहेरचं काहीच चालणार नव्हतं. दुसरी शोधण्यात पंधरवडा गेला. आणि जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड घ्या. मी 2020 मध्ये ते विसरले होते आणि आईने तेव्हा दोन दिवस जेवण सोडलं होतं.

तर मार्च 2025. त्या हिवाळ्यात काश्मिरात बर्फ इतका कमी होता की फेब्रुवारीत गुलमर्गला व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. मग महिनाअखेरीला आभाळ फाटलं आणि महिनाभराचं देणं चार दिवसांत फेडल्यासारखा बर्फ पडला. आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलवाला, टॅक्सीवाला, चहावाला, सगळे खूश. आमचा गाईड तेवढा खूश नव्हता. टंगमर्गचा माणूस, पन्नाशीला आलेला, फेरनच्या, म्हणजे पायघोळ काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून गप्प बसणारा. पहिला दिवस त्याने आम्हाला मधल्याच बाऊलमध्ये फिरवलं आणि आम्ही कसे वळतो, थकल्यावर कसे वळतो, सांगितलं तिथे थांबतो का, एवढंच बघत राहिला. 3,900 मीटरवर चार वळणांत दम लागतो. निसेकोत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर गोंडोलातून उतरून धारेपर्यंत चढलो. हवा काचेसारखी स्वच्छ होती आणि उत्तरेला नंगा पर्वत दिसत होता. आम्हाला हवा होता तो बाऊल पलीकडे पसरलेला होता, एकही रेघ न उमटलेला. मित्राने फोनवर उताराचा कोन मोजला, छत्तीस अंश. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांतच होतात. त्याहून कमी असला तर बर्फ सहसा सरकत नाही, आणि जास्त असला तर साठून राहत नाही. स्कीइंगला सगळ्यांत मजा येणारे उतारही नेमके तेच.

गाईडने कडेला, त्याच दिशेच्या पण छोट्या, सुरक्षित उतारावर खड्डा खणला. मला म्हणाला, “आप देखिए.” भिंतीतून करवतीने एक चौकोनी खांब मोकळा केला, हातभर रुंदीचाही नसेल. त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि थापा मारायला सुरुवात केली. पहिल्या दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. खांद्यापर्यंत जायची वेळच आली नाही. तेराव्या थापेला वरचा सगळा ठोकळा कपाटाचा खण ओढावा तसा सुळकन पुढे आला आणि माझ्या मांडीवर टेकला. खालचा थर मी हातमोजा काढून मुठीत घेतला. दाणे मोठे, चमकदार, सुटे. तूप कमी पडलेल्या रव्यासारखे. कितीही दाबलं तरी लाडू वळेना.

कोर्समध्ये शिकवलेलं तेव्हा डोळ्यांना दिसलं. बर्फाचा थर पातळ असला आणि रात्री कडाक्याच्या थंड असल्या की जमिनीची ऊब वाफेच्या रूपाने वर झिरपते आणि तळचे कण साखरेसारखे मोठे नि सुटे होतात. कोरडा गेलेला जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तो रवा. महिनाअखेरीची बर्फवृष्टी म्हणजे त्यावर ठेवलेला पाटा. आता त्या पाट्यावर जाऊन उडी मारायची का, एवढाच प्रश्न होता. त्या सकाळी धोक्याची पातळी पाचपैकी तीन सांगितलेली होती. हा तीनचा आकडा मोठा फसवा. चार-पाच असली की लोक घरी बसतात. तीनला वाटतं, बघू या.

“आज नहीं, मॅडमजी.”

मित्र म्हणाला, “एकेक करून गेलो तर? कडेकडेने?” गाईड फक्त मान हलवत होता. आणि मला राग आला, तो बर्फाचा नाही, त्या माणसाचा. सुट्टी माझी, पैसे माझे, पाच वर्षं माझी, आणि नाही म्हणणारा हा कोण? निसेकोत दोरीवर रागावता आलं नव्हतं. औलीत तर असा प्रसंगच नव्हता. इथे समोर माणूस होता, त्याची कांगडीची ऊब लागलेली बोटं होती, आणि मी अजून दोनशे रुपये टिप जास्त देऊन त्याला पटवता येईल का, असा विचार केला. खरंच केला, लिहिताना लाज वाटते. याच अफरवटवर हिमस्खलनात फेब्रुवारी 2023 मध्ये हापतखुडला दोन पोलिश पाहुणे दगावले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीअर दगावला. हे मला घरून निघतानाच माहीत होतं. माहीत असणं धारेवर फारसं कामाला येत नाही.

तो एवढंच म्हणाला, “जंगल में चलते हैं. वहाँ ढलान कम है.”

जंगलातली वाट बाबारेशीच्या दर्ग्यापर्यंत उतरते. उंच सरळसोट झाडं, मधून मऊ बर्फ, फांदीवरून वाकुल्या दाखवणारी माकडं. कोन कमी, पण झाड चुकवत वळायचं म्हणजे गर्दीच्या दादर स्टेशनवर पळत गाडी पकडण्यासारखं: लोकांकडे नाही, मधल्या फटींकडे बघायचं. मी एका झाडाकडे बघितलं. व्हायचं तेच झालं, डोकं खाली, पाय वर, आणि डावी स्की पावडरमध्ये गायब. बुंध्याजवळ पोकळ खड्डा असतो, त्यात पडले नाही हे नशीब. मग वीस मिनिटं आम्ही तिघं स्की शोधत होतो. शेवटी प्रोब काढला आणि हातभर अंतराने खुपसत गेलो, टक् आवाज आला. एवढ्या महागाच्या काठीचा आख्ख्या सहलीत झालेला उपयोग हा एवढाच.

बाबारेशीला नून चहा प्यायला. गुलाबी, खारट, पहिला घोट वाईट लागतो, तिसऱ्यानंतर थांबता येत नाही. स्की सुमोच्या टपावर बांधून परत वर आलो.

लोक विचारतात, तिन्हींत चांगलं कुठलं? शिकायला औली, बर्फ पडलेला असेल तर. निसेकोचा बर्फ, लिफ्टा, सूप, सगळं उत्तम, फक्त खिसा रिकामा होतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत तुम्ही रांगेत असता. गुलमर्गला वीज जाते, वारा सुटला की दुसरा टप्पा बंद, रांगेत धक्काबुक्की, आणि तरीही मी परत तिथेच जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोंडोलातून वर जाताना खिडकीवरचं धुकं पुसून त्या बाऊलकडे पाहिलं. चार रेघा होत्या. वरून खालपर्यंत, सुंदर, सारख्या अंतराने वळलेल्या. कुणीतरी आदल्या दुपारी उतरून गेलं होतं. उतार जागच्या जागी होता, कुठे तडा नाही, काही नाही. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी गाईडकडे. त्याने डोळे बारीक करून रेघा नीट बघितल्या.

“अच्छा चलाया है,” म्हणाला, आणि कांगडी पुन्हा फेरनच्या आत घेतली.