वरातीमागून घोडं

भेळ खाऊन झाली की मी कागद उलगडते. चिंचेच्या पाण्याचे डाग चुकवत त्यावरचं छापलेलं वाचते. अर्धी निविदा, पाऊण श्रद्धांजली, ‘नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष’ इथवर येऊन फाटलेली एखादी स्थळाची जाहिरात. मग घरी येईपर्यंत डोक्यात तेच. त्या गृहकृत्यदक्ष मुलीचं पुढे काय झालं असेल? श्रद्धांजलीतल्या गृहस्थांच्या मिशा एवढ्या प्रसन्न का होत्या? हल्ली भेळ पांढऱ्या कोऱ्या द्रोणात मिळते. स्वच्छ असते, पण निम्मी चव गेली.

थोडक्यात काय, तर मी भोचक आहे. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत पुस्तकांच्या कपाटासमोर मान वाकडी करून उभी राहते. फ्रीजवर चुंबकाने लावलेल्या चिठ्ठ्या वाचते. तीस वर्षं बँकेत कॅशियर होते, तेव्हा लोकांच्या नोटांवर लिहिलेली नावं आणि हिशेबसुद्धा वाचून काढले आहेत. ही खोड व्हिडिओ गेमच्या उपयोगी पडेल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गेम आणि मी यांचं जुनं वैर. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो खेळ आमच्याकडेही आला होता, एका कॅसेटमध्ये म्हणे नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ. त्यांतला मारिओ मी खेळायचे आणि पहिल्याच तुरुतुरु येणाऱ्या प्राण्याला धडकून मरायचे. पोरं हसून लोळायची. त्यानंतर कोणी ‘गेम’ म्हटलं की मी पोळ्या लाटायला निघून जात असे.

मग गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला आणि सहा आठवडे प्लास्टर. भाचा भेटायला आला, माझा वैतागलेला चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जुना लॅपटॉप घेऊन आला. “मावशी, यात कुणी मरत नाही. कुणाला मारायचं नाही. फक्त चालायचं आणि बघायचं.”

“पाय मोडलेल्या बाईला चालायचा खेळ आणलास होय रे?”

खेळाचं नाव ‘गॉन होम’. १९९५ सालचा जून महिना, मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर वादळी पाऊस. केटी नावाची विशीतली मुलगी वर्षभर युरोपात भटकून अमेरिकेत ओरेगॉनमधल्या आपल्या घरी परत येते. हे घरही तिला नवीन, कारण ती नसताना आईवडील बाबांच्या मामाच्या जुन्या प्रचंड बंगल्यात राहायला आलेले. दाराला कुलूप. आणि दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी: मी कुठे आहे ते शोधत बसू नकोस.

शोधत बसू नकोस! आणि हे कुणाला सांगतेय? मला! मी प्लास्टर खुर्चीवर टेकवलं, चष्मा पुसला आणि माऊस हातात घेतला.

किल्ली कुठे असेल ते मला लगेच कळलं. आपल्याकडे तुळशीच्या कुंडीखाली असते, त्यांच्याकडे ओसरीवरच्या कपाटात ठेवलेल्या नाताळच्या लाकडी बदकाखाली होती. आत गेल्यावर मात्र घर चिडीचूप. आई नाही, बाबा नाहीत, सॅम नाही. दिवे लावत खोल्याखोल्यांतून हिंडायचं, खण उघडायचे, कागद उचलून उलटसुलट करून वाचायचे. बाबांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या न खपलेल्या प्रतींचे खोके. तेच बाबा आता पोटासाठी घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंची परीक्षणं लिहितात, आणि त्यातही पाल्हाळ लावतात म्हणून संपादकाचं खरमरीत पत्र. आईला तिच्या मैत्रिणीने लिहिलेलं काही. सॅमच्या खोलीतल्या कॅसेटी. यातलं कुणीच आपल्याशी बोलत नाही, सॅमचा आवाज तेवढा मधूनमधून तिची रोजनिशी ऐकवतो. पण तासाभरात त्या घरातलं कोण कुणावर रुसलंय ते मला माझ्या सोसायटीतल्या लोकांपेक्षा जास्त कळायला लागलं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. वस्तू उचलली की ती कुठेही टाकता येते, पण जिथून घेतली त्या जागेकडे पाहिलं तर ‘परत ठेव’ असा पर्याय येतो. मी प्रत्येक वस्तू परत ठेवली. टिश्यूचा डबासुद्धा. भाचा म्हणाला, “मावशी, त्याचे मार्क मिळत नाहीत.” मार्कांचा प्रश्न नाही. घेतलेली वस्तू जागच्या जागी, हे आमच्या आईचं वाक्य माझ्या मनगटात बसलंय. बहुतेक लोक म्हणे घरभर पसारा करत जातात. त्यांच्या घरी जाऊन एकदा बघायला हवं.

वरच्या मजल्यावर न्हाणीघराचा दिवा लावला आणि काळजाचा ठोका चुकला. टबमध्ये लालभडक ओघळ. आता मात्र खून, असं म्हणून मी भाच्याला हाक मारली. मग शेजारीच केस रंगवायच्या रंगाची बाटली दिसली. मी पाच मिनिटं हसत होते. पण गंमत अशी, की या खोडीमागेही काहीतरी आहे. वादळ, अंधार, ओसाड बंगला, कुरकुरणाऱ्या फळ्या, म्हणजे आता भूत येणार हे आपण इतके सिनेमे पाहून ठरवूनच टाकलेलं असतं. खेळ ती भीती वाढू देतो, आणि हातात देतो काय, तर एका सतरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य. शेवट सांगत नाही. माळ्यावर जायचा जिना आहे एवढंच सांगते. तो चढताना माझा माऊसवरचा हात थरथरला होता.

नंतर मी या प्रकाराच्या मागेच लागले. ‘गॉन होम’ २०१३ साली आला तो फुलब्राइट नावाच्या अगदी छोट्या कंपनीकडून. पोर्टलंड शहरात एक घर भाड्याने घेऊन ही मंडळी तिथेच राहायची आणि तिथेच काम करायची. त्यांच्यापैकी काहीजण आधी ‘बायोशॉक’ मालिकेतल्या गोळीबाराच्या खेळांवर काम केलेले. त्या खेळांत मारामारीच्या अधूनमधून मेलेल्या लोकांच्या ध्वनिमुद्रित रोजनिश्या सापडतात. यांनी बंदुका काढून टाकल्या आणि रोजनिशी ठेवली. घरात माणूस का नाही, याचं कारणही फार काव्यात्म नाही. पडद्यावर चालतं-बोलतं माणूस उभं करायला बराच पैसा आणि हात लागतात, चार माणसांना ते कुठून परवडणार? म्हणून घर रिकामं. आपल्याकडे नाटकवाले पैसे नसले की एकपात्री करतात, यांनी शून्यपात्री केलं.

त्याच्याही आधी, २००८ साली, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेक यांनी ‘हाफ-लाइफ २’ या गाजलेल्या मारधाडीच्या खेळाचंच इंजिन, म्हणजे तो खेळ ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, घेऊन ‘डिअर एस्थर’ बनवला होता. नेमबाजी काढून टाकली तर मागे काय उरतं, हे बघायला. उरलं एक स्कॉटिश बेट, वारा, आणि एका माणसाचा पत्रं वाचणारा आवाज. त्यात दार उघडता येत नाही, वस्तू उचलता येत नाही, पळता येत नाही. आवाज कुठली ओळ ऐकवेल तेही दर वेळी वेगळं, त्यामुळे दोघांनी खेळला तर दोघांची गोष्ट थोडी वेगळी होते. भेळेचा कागदच की हो. तुमच्या वाट्याला कुठला तुकडा आला त्यावर सगळं.

या खेळांना ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे चालण्याची नक्कल, म्हणतात. नाव टिंगल करणाऱ्यांनी ठेवलेलं, पण चिकटलं. मराठीत मला ‘वरातीमागून घोडं’ म्हणावंसं वाटतं, कारण या सगळ्या खेळांत आपण नेमके उशिरा पोचतो. जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. मांडवात उरलेल्या अक्षता, उलटी पडलेली चप्पल, कुणाचा तरी विसरलेला रुमाल. लढायचं कुणाशी? शत्रूसुद्धा जेवून घरी गेलेला असतो.

टिंगलीत थोडं तथ्य नाही असं नाही. ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ हा २०१५चा खेळ भाच्याने दाखवला. १९८४ साल, इंग्लंडमधलं श्रॉपशरचं एक खेडं, गावातली सगळी माणसं गायब. संगीत असं की डोळे मिटून ऐकावं. पण चालण्याचा वेग बघाल तर कार्तिकीची दिंडी भरभर पुढे निघून जाईल. लोकांनी तक्रारी केल्या. मग बनवणाऱ्यांनी खुलासा केला, की अहो, एक बटण दाबून धरलं की हळूहळू वेग वाढतो, फक्त ते आम्ही खेळात कुठे सांगितलंच नाही! असा नमुनेदार खुलासा मी सरकारी कार्यालयाबाहेर ऐकला नव्हता.

आणि गरगरतं, हेही सांगून टाकते. डोळे चालतात, अंग मात्र खुर्चीत बसलेलं असतं. लाल डब्याने घाटातून जाताना होतं तसं पोटात ढवळतं. भाच्याने सेटिंगमध्ये काहीतरी फिरवून दृश्य थोडं रुंद केलं तेव्हा बरं वाटलं. बाकीचं काम आवळासुपारीने केलं.

आमच्या ह्यांचा आक्षेप वेगळाच होता. “नुसतं चालायला पैसे? पाय बरा झाला की पर्वतीवर जा. फुकट आहे.” वर, “तीन तासांत संपतो म्हणे!” मी म्हटलं, नाटकही तीन तासांतच संपतं, तिथे तुम्ही मध्यंतरात बटाटेवड्याचे वेगळे पैसे देता. खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’वर मात्र ही अडचण खरीच आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत परत केला तर पैसे मिळतात. मोठमोठ्या खेळांना दोन तासांत कुठे सुरुवात होते! पण छोटी गोष्ट सांगणाऱ्याचं दुकान तेवढ्यात आटोपलेलं असतं. ताट चाटूनपुसून वर ‘मीठ कमी होतं’ म्हणणारे लोक सगळीकडे असतात.

‘फायरवॉच’मध्ये १९८९च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या जंगलात मनोऱ्यावर बसून वणव्यांवर लक्ष ठेवायची नोकरी असते. वॉकीटॉकीवर दुसऱ्या मनोऱ्यावरची डेलिला बोलत राहते, ती शेवटपर्यंत भेटत नाही. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. मी तीन वेळा चुकले. चहाच्या टपरीवर विचारावं, तर टपरी नाही. पण संध्याकाळचा तो नारिंगी उजेड, अहाहा.

खरी हलले मी ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ने. २०१७चा हा खेळ, पुढच्या वर्षी त्याला बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश अकादमीचा, सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरचं डळमळीत घर, ज्यातला प्रत्येक माणूस काहीतरी विचित्र घडून मेलेला. ईडिथच्या आईने त्यांच्या खोल्या कायमच्या बंद करून टाकलेल्या, आणि पणजीने त्या दारांना बघायला भोकं पाडलेली. (पणजी माझ्याच गोत्रातली दिसते.) त्यात लुईस नावाचा मुलगा आहे. तो मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम करतो. (हा खेळ मी माऊसवर नाही, दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर खेळले.) आपल्या उजव्या अंगठ्याखाली त्याचा हात: मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडालं की पट्ट्यावर फेकायचा. पुन्हा मासा. पुन्हा पातं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या मनातलं एक छोटंसं राज्य उघडतं आणि डाव्या अंगठ्याने आपण तिथे चालू लागतो. राज्य वाढत जातं. गावं येतात, गलबतं येतात, वाजंत्री येतात. हळूहळू पडदा भरून जातो, आणि उजवा हात मासे कापतच असतो. एका क्षणी माझ्या लक्षात आलं, की आपण माशाकडे कधीपासून बघितलेलंच नाही.

मी खेळ थांबवला. नोटा मोजताना माझंही हेच व्हायचं. शंभराची गड्डी डाव्या हातात, उजवा अंगठा आपोआप सरकतोय, तोंडात आकडे, आणि मन गुहागरच्या समुद्रावर. मोजणीत कधी चूक झाली नाही. समोरचा माणूस मात्र कोण होता ते सांगता यायचं नाही. हे तीस वर्षांत मी कुणाला बोलले नव्हते, आणि अमेरिकेतल्या कुणीतरी ते दोन अंगठ्यांत नेमकं वाटून माझ्या हातात दिलं होतं. कथेत हे वाचलं असतं तर ‘छान लिहिलंय’ म्हणून पान उलटलं असतं. इथे मासे मीच कापले होते. लुईसचं पुढे काय होतं ते तुम्ही बघा. मी त्या रात्री जेवले नाही.

आपल्याकडे असं कुणी करतं का, म्हणून भाच्याला विचारलं. गोव्यातल्या ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या छोट्या स्टुडिओने २०२१ साली ‘फॉरगॉटन फील्ड्स’ नावाचा खेळ काढलाय. लिहिणं अडलेला एक लेखक आपल्या लहानपणीच्या घरी सगळ्यांबरोबर शेवटचं एकत्र जमायला निघतो, अशी गोष्ट. तो यादीत लिहून ठेवलाय. पण मला हवंय ते एक मराठी घर. दोन खोल्यांचं चालेल. कारण आमच्या घरांत शोधायला रोजनिशी लागतच नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. दुधाचे खाडे मांडलेले असतात. सलग सात खाडे म्हणजे सगळे गावाला. एकच खाडा आणि शेजारी ‘हॉस्पिटल’ म्हणजे वेगळं. मार्चमध्ये रोज दोन लिटर आणि एप्रिलपासून अर्धा, म्हणजे मुलगी सासरी गेली की मुलगा परदेशी, ते आरशावर टिकल्या चिकटवलेल्या आहेत की नाहीत त्यावरून ठरवायचं. सिलिंडर लावल्याची तारीख. तारेला टोचलेली विजेची बिलं. देवघराच्या खणात, कापूर आणि वातींच्या खाली, कुणालाच न दाखवलेलं एक पाकीट. ते पाकीट मी कुठे ठेवेन हेही ठरलंय.

प्लास्टर निघालं त्या दिवशी भाचा लॅपटॉप न्यायला आला. मी तेव्हा ‘गॉन होम’ दुसऱ्यांदा खेळत होते.

“मावशी, लोक हा दोन-तीन तासांत संपवतात. तू चार दिवस झाले, अजून खालच्या मजल्यावरच?”

“थांब जरा,” मी म्हटलं. “स्वयंपाकघरातला एक खण राहिलाय.”