आम्ही पागेचे

इंदुरात कुठल्याही काउंटरवर आडनाव सांगितलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, “मोहल्ला नहीं भिया, सरनेम बताओ.” पागनीस पागा ही इथली जुनी वस्ती, रिक्षावाल्यांपासून कुरिअरवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पागनीस नावाचा माणूस मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आम्ही राहतो राजेंद्रनगरला, आणि हे सांगितलं की गोंधळ आणखी वाढतो.

पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला, आणि पागनीस म्हणजे तिथला लेखणीवाला. फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, झिजून ‘नीस’ झाला. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस हे सगळे आमचे दौतबंधू. मराठी घोडदळात स्वार दोन तऱ्हेचे: शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला घोडा सरकार द्यायचं. घोडा सरकारचा म्हटल्यावर हिशेब आलाच. जनावरं किती, दाणा-वैरण किती उठली, कुठलं लंगडतंय, कुठलं मेलं, बारगीर हजर किती. त्यामुळे घराण्याच्या शौर्यकथा ऐकायच्या आशेने येणाऱ्यांची आमच्याकडे फार निराशा होते.

होळकरी फौजेचा जीव घोडदळात. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला पराभव झाला, दोनच आठवड्यांनी मंदसौरचा तह, आणि मग महूला इंग्रजांची छावणी बसली. संरक्षण इंग्रजांकडे गेल्यावर पागांचा रुबाब कितीसा उरणार? आडनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. होळकरांचं आडनाव निदान नीरेकाठच्या होळ गावावरून आलेलं. आमच्या नावाला गाव नाही, खातं आहे.

हुद्द्याच्या आडनावाची खरी गंमत इथेच आहे. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, पण भानू म्हटलं तर कोण ओळखेल? पागा जिथे, तिथे पागनीस; म्हणून दोन पागनीस भेटले तर ते एकमेकांचे कुणीच नसू शकतात. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचे आम्ही कोण, असं मराठी समाजाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी ज्येष्ठ विचारतात. कुणी नाही, म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. माझे काका हल्ली “लांबचे” म्हणून मोकळे होतात.

आत्याला स्थळ आलं तेही पागनीसांचंच. आजीने आधी “मूळचे कोण?” म्हणून विचारलं, मग गोत्र, मग कुलदैवत. तिन्ही वेगळी निघाली, तेव्हा कुठे पत्रिका बघायला घेतली. आत्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर तिने कागदोपत्री पतीचं नाव लावायला अर्ज दिला, तर तिथल्या बाबूने तो परत केला: सरनेम तर बदललंच नाही, लग्नाचा पुरावा आणा. आत्याने लग्नपत्रिका नेऊन दिली. दोन्हीकडे पागनीस बघून बाबू म्हणाला, “मॅडम, प्रेसवाले से गलती हो गई है, दूसरी छपवा के लाओ.”