कपबशीमागचा पक्ष

ग्रामसेवक म्हणून सत्तावीस वर्षे आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून शेवटची चार वर्षे, एवढी माझी नोकरी. निवृत्तीनंतर लग्नात, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर कोणी ओळखीचे भेटले, की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच : "भाऊसाहेब, गावच्या कारभारात पक्ष हवेत कशाला?" विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. पक्ष आले आणि गाव फुटले, एवढे माझ्या तोंडून ऐकले की त्याचे समाधान होईल. मला तसे म्हणता येत नाही आणि उभ्या उभ्या दोन वाक्यांत नीट उत्तरही देता येत नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून लिहितो.

आपल्या राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतली कपबशी, शिट्टी, छत्री अशी मुक्त चिन्हे घेऊन पॅनेल उभी राहतात. पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट (म्हणजे त्यांचे मतदारसंघ), नगरपरिषद आणि महापालिका येथे मात्र पक्ष आपापल्या चिन्हांसह उतरतात. म्हणजे कायद्याने पक्षाला वेशीबाहेर थांबवले आहे. असे थांबवावे की नाही, हा वाद जुना आहे. जयप्रकाश नारायण पक्षविरहित लोकशाहीचा आग्रह धरत होते, तर पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ साली नेमके उलटे सांगितले, की पक्षांनी पंचायतींच्या निवडणुकांत उघडपणे भाग घ्यावा. त्याच वर्षी पश्चिम बंगालने पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हावर घेतल्या.

आपल्याकडे वेशीबाहेर थांबवलेला पक्ष खरोखर थांबतो का, हे मी मोजणीच्या दिवशी तहसील कार्यालयाच्या आवारात अनेकदा पाहिले. एका वर्षीची संध्याकाळ विशेष लक्षात आहे. माझ्या गावचा निकाल लागून तासही झाला नव्हता, गुलाल अजून अंगावर होता आणि मला एकामागून एक तीन फोन आले. तीन वेगवेगळ्या पक्षांच्या तालुका कार्यालयांतून एकच विचारणा होती : "भाऊसाहेब, तुमचा सरपंच आपलाच ना?" निवडून आलेले पॅनेल भावकीतून, शेजारधर्मातून आणि एका बंद पडलेल्या नळयोजनेच्या रागातून उभे राहिले होते, त्यात पक्षाचा संबंध नव्हता, हे मी तिघांनाही सांगितले. दुसऱ्या दिवशी तिन्ही पक्षांनी जाहीर केलेल्या जिंकलेल्या ग्रामपंचायतींच्या यादीत आमच्या गावाचे नाव होते.

चिन्ह नसले म्हणजे कारभार निर्मळ, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदासाठी बोली लावली गेल्याचे उघड झाले, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द करावी लागली. दुसरीकडे, जिथे चिन्ह आहे त्या पश्चिम बंगालमध्ये २०१८ साली पंचायतींच्या जवळपास एक तृतीयांश जागांवर लढतच झाली नाही आणि उमेदवारी अर्ज भरू दिले गेले नाहीत, या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 'बिनविरोध' हा शब्द आपण फार कौतुकाने वापरतो, पण तो पैशाने साधतो, भीतीने साधतो आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावासारखा सर्वांनी बसून, बोलून, एकमत होईपर्यंत थांबूनही साधतो. या तिन्हींत पक्षचिन्ह असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही. हिवरे बाजारला तीन दशकांनंतर २०२१ मध्ये प्रत्यक्ष मतदान झाले, त्याने त्या गावाचे काहीही बिघडले नाही.

माझ्या मते खरा प्रश्न निवडणुकीत नाही. तो पैसा कोणत्या वाटेने गावात येतो, यात आहे, आणि याबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे.

मी ज्या एका गावात सात वर्षे होतो, तिथे ओढ्यापलीकडे चाळीस-पंचेचाळीस उंबऱ्यांची वाडी होती. पावसाळ्यात ओढा चढला की वाडीतली पोरे शाळेला येत नसत. आली तर बापाच्या खांद्यावर बसून आणि दप्तर डोक्यावर धरून येत. तिथे साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, व्हावा, हा ठराव मी माझ्या हाताने तीन ग्रामसभांच्या इतिवृत्तात लिहिला, सूचक-अनुमोदकांसह. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, ही मोठी चांगली गोष्ट आहे, पण पंधराव्या आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि उरलेल्यात हजार-बाराशे वस्तीच्या गावाला साकव परवडत नव्हता. मग वाट उरते ती 'पंचवीस-पंधरा'ची. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाला (खर्चाच्या सदराला) तालुक्यात सगळे असेच म्हणतात. त्यातून लोकप्रतिनिधींनी सुचविलेली गावातली मूलभूत सुविधांची कामे होतात. 'सुचविलेली' या एका शब्दात सगळे आले. शिफारसपत्र हवे.

सरपंच ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या होत्या. ठरावाच्या नकला, वाडीतल्या पटसंख्येचा मुख्याध्यापकांचा दाखला आणि ओढ्याचे दोन फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन त्या पत्रासाठी गेल्या, मी बरोबर होतो. कागद कोणी उघडले नाहीत. प्रश्न एवढाच झाला : "तुमचं पॅनेल कुणाचं?" ताई म्हणाल्या, "गावाचं." त्या उत्तरावर आम्ही आठ महिने हेलपाटे घातले. नवव्या महिन्यात ताईंनी सदस्यांसह पक्षप्रवेश केला, शाल-श्रीफळाचा फोटो निघाला आणि पुढच्या यादीत साकवाचे नाव आले. आज ती पोरे कोरड्या पायांनी शाळेत येतात. ताईंनी चूक केली, असे मी कधीही म्हणणार नाही. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नाही, हे त्या आठ महिन्यांत कुणाच्याही उपयोगी पडले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

तरीही गावपातळीवर चिन्ह नसावे, या मताचा मी आहे. नऊ-अकरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत मतदार उमेदवाराला जन्मापासून ओळखतो, त्याला चिन्हाच्या आधाराची गरज नसते. शिवाय पॅनेल दर पाच वर्षांनी मोडते आणि नव्याने जुळते, त्यामुळे मागच्या वेळचे विरोधक पुढच्या वेळी एका बाजूला बसू शकतात. पक्षाचा शिक्का बसला, की ही मोडतोड अवघड होते आणि वैर घरात मुरते.

जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांची गोष्ट वेगळी आहे. एका गटात हजारो मतदार असतात, उमेदवार कोण हे निम्म्यांना माहीत नसते. तिथे पक्ष काढून टाकला, तर निवडून येईल तो ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आणि गाड्या आहेत तो, बहुधा ठेकेदार. साध्या घरातल्या बाईला किंवा लहान समाजातल्या कार्यकर्त्याला पक्षाच्या तिकिटाचाच आधार असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि कारभार बिघडला तर निवडणुकीपुरती जुळलेली 'विकास आघाडी' निकालानंतर विरून जाते, पक्षाला मात्र पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात यावे लागते.

माझी हरकत आहे ती सभागृहातल्या व्हिपला, म्हणजे मत कसे द्यायचे या पक्षाच्या आदेशाला. स्थानिक संस्थांतील सदस्यांच्या अनर्हतेचा आपल्याकडे १९८६ चा कायदा आहे. पक्षाच्याच नव्हे, तर आघाडीच्या आदेशाविरुद्ध मत दिले तरी सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा, हा त्यामागचा हेतू योग्य होता. परंतु महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले, हे आठवले की मला वाटते, पाणीपट्टी, शाळा-दुरुस्ती, कचऱ्याचा ठेका अशा विषयांवर सदस्याला आपल्या प्रभागाकडे पाहून हात वर करता आला पाहिजे. अध्यक्ष निवडताना व्हिप असू द्यावा, एरवी नको.

आणि पंचवीस-पंधराची यादी ग्रामसभेच्या ठरावाच्या तारखेनुसार लावावी, ती पंचायत समितीच्या फलकावर सर्वांना वाचता येईल अशी लावावी, कोणते काम का मागे राहिले हे तिथेच लिहावे. हे झाले, तर सरपंचाला पॅनेल कुणाचे, हे विचारण्याचे कारणच उरणार नाही.

बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका जाहीर करण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात पक्ष नव्हते, भांडणे नव्हती आणि बंद पडलेल्या नळाची तक्रार घेऊन जायला दारही नव्हते. त्या आदेशानंतर माझ्या ओळखीतली एक मुलगी तिकिटाबद्दल विचारायला घरी आली. वाडीवरचीच, बापाच्या खांद्यावरून ओढा ओलांडून शाळा शिकलेली. "भाऊसाहेब, पक्षाचं तिकीट घेऊ का अपक्ष राहू?" मी तिला तिकीट घे म्हणालो, मात्र घेण्याआधी पक्षाच्या तिकीट ठरवणाऱ्या समितीसमोर एवढे विचार, की गटातल्या रस्त्या-पाण्याच्या ठरावावर मत देताना मला कुणाला विचारावे लागेल. तिने वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "विचारते. उत्तर लेखीच मागते."