चार भोकं आणि दहा एमएम

टाकीतलं पाणी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारं सर्किट घरी बनवायला घेतलं की बोर्ड, रिले, फ्लोट स्विच हे सगळं चहा संपायच्या आत ऑनलाइन ऑर्डर होऊन जातं. रखडपट्टी असते ती पुढे, की हा बोर्ड डब्यात बसवायचा कशावर? बनवणाऱ्याने चार कोपऱ्यांत चार भोकं दिलेली असतात, त्यात काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला या चार भोकांचाच विचार करायला जास्त आवडतं, कारण सर्किट कुणीतरी हुशार माणसाने आधीच करून ठेवलेलं असतं, त्यात आपण काय दिवे लावणार.

बोर्ड उलटा करून बघा. सोल्डर केलेले पाय दोनेक मिलिमीटर बाहेर आलेले असतात, बोटाला टोचतात. पत्र्याच्या डब्यात बोर्ड तसाच टेकवला की सगळे पाय एकमेकांना शॉर्ट, म्हणून मधे स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, घालायचा. त्याचं काम काय तर काहीच नाही, लग्नात दोन्हीकडच्या व्याह्यांच्या मधोमध एखादा मामा बसवून ठेवतात ना, तसा तो नुसता बसून राहतो आणि दोघांना एकमेकांना भिडू देत नाही. कागदावर पाच एमएमची गॅपही पुरते, पण रिलेच्या, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पायांवर २३० व्होल्ट असतात आणि गच्चीवरच्या डब्यात पावसाळ्यात ओल, मुंग्या, पाल काय वाट्टेल ते शिरतं, त्यामुळे मी दहाच्या खाली जात नाही. लोक म्हणतात जास्तच घाबरतोस. घाबरतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन दहा एमएमचा स्पेसर द्या म्हटलं की काउंटरवरचा मुलगा वर न बघता विचारतो, "मेल-फीमेल का फीमेल-फीमेल? पितळी का नायलॉन?" मेल-फीमेल म्हणजे एका टोकाला आट्यांची शेपटी आणि दुसऱ्या टोकाला भोक, फीमेल-फीमेल म्हणजे दोन्हीकडून भोक, आरपार आटे. पितळी मजबूत असतो पण भोकाजवळून ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, जात असेल तर त्याची कड ट्रॅकला लागायची भीती, तिथे नायलॉनच बरा, फक्त तो जोर लावून पिळायचा नाही, आटे लगेच जातात.

आणि आता गंमत बघा. फीमेल-फीमेल घेतला तर त्याच्यात दोन्हीकडून स्क्रू येणार, एक वरून बोर्डातून आणि एक खालून डब्याच्या पत्र्यातून. एम३चा, म्हणजे तीन एमएम जाडीचा, आठ एमएम लांब स्क्रू वरून घातला, बोर्डाची जाडी १.६, वायसर अर्धा, म्हणजे स्पेसरमधे गेला ५.९. खालून सहाचा, पत्रा एक एमएमचा, म्हणजे आत पाच. बेरीज १०.९ आणि स्पेसर दहाचा! दोन्ही स्क्रू अंधारात मधोमध एकमेकांना टोकं टेकवून थांबतात, स्क्रूड्रायव्हर हाताला सांगतो घट्ट झालं आणि बोर्ड बोटाने हलवला तर खुळखुळतो, मग माणूस आणखी पिळतो आणि स्क्रूचं डोकं खराब करून ठेवतो. वरचाही सहाचा घेतला की ३.९ आत जातो, एम३च्या आट्यांतलं अंतर अर्धा एमएम, म्हणजे जवळजवळ आठ आटे पकडले, एवढ्याशा बोर्डाला तेवढं भरपूर झालं. साधा हिशोब आपला, निदान आत जाणारा भाग स्क्रूच्या जाडीइतका तरी हवा, अ‍ॅल्युमिनियममधे आटे पाडले असतील तर त्याच्या दुप्पट. शिवाय लांबी मोजतात डोक्याच्या खालून, पण डोकं पत्र्यात सपाट बसणाऱ्या काउंटरसंक स्क्रूची मात्र डोक्यासकट, हे ज्याने ठरवलं त्याला दुकानदारांचे किती शिव्याशाप लागले असतील देव जाणे.

बरं सगळीकडे एम३च असेल म्हणावं तर तसंही नाही. रास्पबेरी पायची भोकं एम२.५ची, त्यात एम३ दाबून घालणारे वीर मी पाहिलेत. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधे तर दोन घराणी शेजारी शेजारी नांदतात, एसएसडीला एम३ आणि जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्कला अमेरिकन सहा-बत्तीस (सहा नंबरचा, इंचाला बत्तीस आटे), दिसायला इतके सारखे की पिशवीत मिसळले की संपलं. एम३ सहा-बत्तीसच्या भोकात ढिला पडतो ते एक वेळ ठीक, पण उलटं केलं तर जाडा स्क्रू एखाद-दोन वेढे जातो, अडतो, आणि तोवर भोकातल्या आट्यांची वाट लागलेली असते.

मोठ्या नट-बोल्टासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तिथे गेलं की मेट्रिकचा कायदा १९५६ सालीच झालाय हे विसरायला होतं. "दोन सुती का तीन सुती?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सुती म्हणजे पाव इंच. हे आटे मूळचे व्हिटवर्थचे, या इंग्रज कारखानदाराने १८४१ साली सुचवलं की प्रत्येक वर्कशॉपने आपापले आटे पाडण्यापेक्षा सगळ्यांनी एकच माप धरा, आट्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिकचा साठ. गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या खालचं ट्रायपॉडचं भोक अजूनही पाव इंचीच असतं, इंचाला वीस आटे, आणि आपल्या दोन सुती बोल्टालाही इंचाला वीसच, त्यामुळे लाखाच्या जपानी कॅमेऱ्याला नागदेवीचा बोल्ट खुशाल बसतो. फक्त आखूड घ्यायचा, नाहीतर भोकाचा तळ फुटायचा.

टीव्ही भिंतीवर लावतानाही लांबीचंच भय. पाठीवरची भोकं लहान टीव्हीला एम४, मोठ्याला एम६ नाहीतर एम८, पाठ फुगीर असेल तर स्पेसर, आणि स्पेसर घातला की बोल्टही तेवढा जास्त लांब. बसवायला येणारा दादा पिशवीतला हाताला येईल तो घेतो. आपण शांतपणे म्हणायचं, दादा, आधी हाताने फिरवून बघा किती वेढे जातोय. त्याला राग येतो, येऊ दे.

पंपाजवळ जे काही लावाल ते थरथरून सुटतं, तिथे नायलॉक नट लावा, आतली नायलॉनची रिंग आट्यांना धरून ठेवते. स्प्रिंग वायसरवर माझा फारसा विश्वास नाही. आणि गच्चीवर गंजू नये म्हणून एसएसचा बोल्ट, एसएसचाच नट घेणार असाल तर ग्रीसचं बोट लावा आणि हळू फिरवा, दोन्ही स्टेनलेस असले की कधीकधी मधेच असे चिकटतात की ना पुढे ना मागे, कापूनच काढायचे.

स्क्रू किती पाहिजेत विचारल्यावर चार असं सांगितलं की दुकानदार ज्या नजरेने बघतो त्यानेच माणूस शंभराचं पाकीट घेऊन येतो. एम३ सहा एमएम किती आणले तरी उरत नाहीत, डब्यात उरतात ते सोळाचे आणि वीसचे. ते कापता येतात, पण कापायच्या आधी वर दोन नट चढवून ठेवायचे, नट व्हाइसमधे, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, धरायचे म्हणजे आटे चेपत नाहीत, मग हॅकसॉने कापायचं आणि नट उलटे फिरवून काढायचे, टोकाचे मोडलेले आटे बाहेर येता येता तेच सरळ करून देतात.