तुम्ही विचारलंत म्हणून : ग्वाटेमालातला रोजचा दिवस

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात केत्साल्तेनांगो नावाचे शहर आहे, ज्याला स्थानिक लोक शेला म्हणतात. तिथे एका कुटुंबात राहून मी स्पॅनिश शिकले, हे कळल्यावर त्या देशात जाऊ इच्छिणारे अनेक जण मला विचारतात, की तिथल्या रोजच्या जगण्याविषयी आधी काय ठाऊक असावे.

सर्वांत आधी अभिवादन शिकून घ्यावे. दुकानात, बसमध्ये किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना तिथे बसलेल्या अनोळखी माणसांनाही उद्देशून सकाळी ‘ब्युएनोस दियास’ आणि दुपारनंतर ‘ब्युएनास तार्देस’ म्हटले जाते. खानावळीतून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्यांना ‘ब्युएन प्रोवेचो’ म्हणण्याची रीत आहे. अभिवादन न करता थेट भाव विचारणारा परका माणूस तिथे उद्धट ठरतो. उत्तर तर मिळते, पण त्यात आपुलकी नसते.

दिवसाचा दुसरा आधार मका आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन दळतात. या प्रक्रियेमुळे मक्यातील नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते, आणि त्या प्रदेशातील लोकांनी ती फार प्राचीन काळी शोधून काढली. त्या पिठाच्या तोर्तिया हातावर थापून कोमाल नावाच्या तव्यावर भाजतात. जेवणाच्या वेळी गल्लीगल्लीतून तो थापण्याचा आवाज येऊ लागला, की भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्या परक्या गावात एकदम घरच्यासारखे वाटते. सोबतीला काळ्या घेवड्याची उसळ, अंडी आणि तळलेली केळी असल्याने शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, मात्र घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नाही ना, हे विचारून घ्यावे. शनिवारी संध्याकाळी एखाद्या दाराबाहेर लाल दिवा लागलेला असला, तर त्या घरात तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून उकडलेले गोळे, विकायला आहेत असे समजावे. त्यांत बहुधा मांस असते.

वेलदोड्याच्या निर्यातीत हा देश जगात आघाडीवर आहे. आल्ता वेरापास प्रांतातील डोंगरउतारांवर त्याचे मळे आहेत आणि बराचसा माल अरब देशांत कॉफीत घालण्यासाठी जातो, पण स्थानिक स्वयंपाकात तो जवळजवळ आढळत नाही. कॉफीचेही तसेच आहे. उत्तम दाणा परदेशी जातो आणि अनेक घरांत पाहुण्यापुढे इन्स्टंट कॉफीच येते. ती मनापासून दिलेली असते, म्हणून नाक मुरडू नये.

नळाचे पाणी पिऊ नये. घरोघरी मोठ्या जारमधील शुद्ध पाणी वापरतात. शेला सुमारे २,३०० मीटर उंचीवर असून घरे गरम ठेवण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लोकरीचे कपडे हवेतच. गावोगावी प्रवास कामियोनेतांनी होतो. अमेरिकेतील शाळांच्या जुन्या बस रंगवून या गाड्या तयार केलेल्या असतात आणि दोघांच्या बाकावर तिघे बसतात. लहान गावांत मात्र बजाजच्या तीनचाकी रिक्षा भेटतात. राजधानीत खंडणीखोर टोळ्यांनी बसचालकांचे जीव घेतले आहेत. त्यामुळे तिथे साध्या बसने फिरू नये, आणि कुठेही अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, असे मी निक्षून सांगते.

ज्याविषयी पाहुणे सर्वांत कमी विचारतात, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६० ते १९९६ या काळात तिथे सरकारी लष्कर आणि डावे बंडखोर यांच्यात यादवी युद्ध झाले. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, म्हणजे तिथल्या मूलनिवासी समाजाचे होते. त्या काळात मुलेही हिरावली गेली. पुढे परदेशी दत्तकाच्या व्यवहारात इतके गैरप्रकार झाले, की २००७ च्या अखेरीस नवा कायदा आणून तो जवळपास थांबवावा लागला. म्हणून रस्त्यावरील गोड मुलाकडे कॅमेरा रोखणारा परका माणूस तिथल्या आईला भयंकर वाटू शकतो. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे छायाचित्र कधीही काढू नये, त्यांना खाऊही देऊ नये. मोठ्यांचेही विचारूनच काढावे. युद्धाचा विषय आपण काढू नये. यजमानांनीच तो काढला, तर हातातले काम ठेवून ऐकावे, आणि कोण कोणत्या बाजूला होते हे विचारू नये, कारण एकाच गावात दोन्ही बाजूंची माणसे आजही शेजारी राहतात.

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. तिथे फळांचा भाव जरूर करावा. उइपिल या हातमागावर विणलेल्या पोलक्याची किंमत देताना मात्र हात आखडता घेऊ नये. कमरेला बांधलेल्या मागावर बाई ते घरकाम सांभाळून कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने विणत असते, आणि आपण कमी करून घेतलेली रक्कम तिच्याच मजुरीतून जाते. तिथे मोठ्या नोटेची मोड मिळणे कठीण असते, तेव्हा केत्साल या तिथल्या चलनाच्या पाच-दहाच्या नोटा जवळ ठेवाव्यात.