अवकाळीनंतर मावशीच्या गावी: मदतीला निघणाऱ्यांनी वाचावं असं

नाशिकहून धुळे, धुळ्याहून पारोळा आणि पुढे अमळनेरच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून मावशीचं गाव. एरवी हिवाळ्यात या वाटेने जायचं ते भरितासाठी. या खेपेला गाडीत फावडी, ताडपत्री आणि घोंगड्या होत्या. आदल्या रात्री गारांसह पाऊस कोसळला होता आणि खालच्या आळीत पाणी शिरलं होतं.

पाणी बोरी नदीचं नव्हतं, गावामागच्या नाल्याचं होतं. रस्त्याखालच्या मोरीत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, गच्च बोळा बसला आणि पाणी सरळ गल्लीत वळलं. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवा, जातो, समुद्रावरून बाष्प येतं आणि दोन्हींची गाठ पडली की ऐन थंडीत आभाळ फुटतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीसही खानदेशात असंच झालं होतं. नंदुरबारला वाळत घातलेल्या लाल मिरचीची तेव्हा वाट लागली.

धुळे-पारोळा महामार्गाला काही अडचण नाही. खरा प्रश्न फाट्यापासून पुढे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघ्याएवढं आहे की कमी, हे बघत बसू नका. खाली फरशी शिल्लक आहे का, हेच दिसत नसतं. आम्ही अलीकडच्या टपरीवर चहा घेत थांबलो. पाणी उतरल्यावर गाडी तिथेच ठेवली आणि पायी गेलो. काळ्या मातीत चप्पल निरुपयोगी, गमबूट हवेत.

मावशी दारातच होती. म्हणाली, ‘पहिले च्या पी, मंग पावडं धर.’ चहा शेजारणीच्या गॅसवर झाला, कारण सरपण सगळं भिजलेलं. म्हणून सांगतो, जाताना छोटी शेगडी आणि भरलेला सिलेंडर न्या. बिस्किटांचे पुडे प्रत्येक जण आणतो, त्यांचा ढीग पडतो.

घरात पाय ठेवण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, ते बघा. ओल्या भिंतीतून आणि पत्र्यातून करंट उतरतो. बाहेर तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवा. पसारा उचलताना हात घालण्याआधी काठी घाला. पुराने बिळं भरली की साप, विंचू कोरड्या कोपऱ्यात येऊन बसतात.

आता धाब्याबद्दल, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छताबद्दल, कारण शहरातून येणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसतं. खारी माती टाकायची ती पावसाळ्याच्या तोंडावर. चार महिन्यांत ती धुपते, नंतरच्या उन्हाने तडे जातात, उंदीर भोकं पाडतात, आणि दसऱ्यानंतर वर कोणी बघत नाही. त्यामुळे हिवाळ्यातला पाऊस सरळ आत येतो. अशा वेळी उत्साहाने वर चढून नवी माती टाकणारे असतातच. त्यांना खाली बोलवा. भिजलेल्या मातीचं ओझं आधीच छताच्या लाकडी सऱ्यांवर आलेलं असतं. बाहेरून शिडी लावून पन्हाळ मोकळे करा, कडेने पोहोचेल तितकी ताडपत्री ओढा आणि वरची माती वाळू द्या. आतून लाकडाला टेकू लावता आला तर उत्तम, पण ते काम गावातल्या सुताराचं, आपलं नव्हे.

मातीच्या भिंतीचा तर पाऊस थांबल्यावरही भरवसा नाही. पायथा भिजून मऊ झालेला असतो, ऊन पडलं की फुगवटा येतो आणि भिंत बसते. फुगलेल्या भिंतीशेजारी खाट टाकू नका, गुरंही बांधू नका. मावशीला समाजमंदिरात झोपायला तयार करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तिचं एकच म्हणणं, घरात कापूस आहे.

कापसाची चिंता तिने उगाच केली नव्हती. भिजलेला कापूस ढिगात राहिला की आतून तापतो, पिवळा पडतो. ओला आणि कोरडा आधी वेगळा करा, मग ओला ताडपत्रीवर पातळ पसरून वरचेवर हलवा. बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर माल घेत नाहीत, आणि व्यापारी घेतो तो भाव पाडून.

फावडं मारण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, भांडी, मेलेलं जनावर, सगळं. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा घर लख्ख झाडलेलं दिसलं तर सांगायचं काय? शेतातल्या पिकाचा विमा असेल तर तेव्हा, म्हणजे २०२५ च्या खरिपाआधी, ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, १४४४७ वर किंवा पीक विम्याच्या ॲपवर. गावात रेंज नव्हती, म्हणून आम्ही पावत्यांचे फोटो घेऊन फाट्यावर आलो आणि तिथून तक्रारी नोंदवल्या. माझ्या मते सगळ्या धावपळीत हेच काम सर्वांत उपयोगी पडलं. सातबारा भिजला तर रडू नका, तो पुन्हा निघतो. खरेदीखत आणि पोरांच्या मार्कशीटा मात्र सावलीत सुट्या करून वाळवा.

विहिरीत गाळ गेला असेल तर ग्रामपंचायतीकडून ब्लिचिंग पावडर टाकून घ्या, तोवर पाणी उकळूनच प्या.

आणि थंडी. अवकाळी सरला की आभाळ निरभ्र होतं, पहाटे हात आखडतात. गोधड्या भिजल्या की लवकर वाळत नाहीत. लोकरीच्या घोंगड्या, स्वेटर, पायमोजे न्या. जुन्या साड्यांचं गाठोडं नेऊ नका, कोणी मागितलेलं नसतं. आधी फोन करून विचारा. आम्हाला गावातल्यांनी टॉर्च, चुना आणि गुरांसाठी कोरडा कडबा सांगितला होता. कडबा पारोळ्यालाच मिळाला.