चोडणची मानस आणि आमच्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा कशावर लिहायचे याचा विचारच करावा लागला नाही. आमच्या बाई आम्हाला बांधावर न्यायच्या, त्यावरच लिहायचे होते.

एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला म्हापसा नदी आणि मध्ये आमचे चोडण, गोव्यातले एक बेट. घरे उंचवट्यावर, आणि खाली पसरलेली खाजने. ही खाजन शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध नसता तर तिथे दिवसातून दोनदा खारे पाणी भरले असते. ज्याला आपण आपला गाव म्हणतो त्यातली बरीच जमीन पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि चिरे रचून नदीकडून मागून घेतली आहे, हे बाईंनी आम्हाला शब्दांनी कमी आणि पायांनी जास्त शिकवले.

ओहोटीची वेळ बघून त्या वर्ग बाहेर काढायच्या. मानशीपाशी आम्हाला ओळीने बसवायच्या आणि गप्प राहायला सांगायच्या. मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. चिऱ्यांच्या चौकटीत वरून टांगलेल्या जाड फळ्या. ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच त्या लावून घेते. बाई पाण्यात एक काटकी टाकायच्या. ती बाहेरच्या दिशेने जोरात जायची, मग हळू, मग एकाच जागी फिरत राहायची. आणि तेवढ्यात फळी धप्पकन चौकटीवर बसायची. त्या आवाजाला आम्ही सगळे ओरडायचो. पाण्याचा दाब म्हणजे काय, हे पुढे कॉलेजात समीकरणांतून शिकताना माझ्या डोळ्यांसमोर तीच फळी होती.

कुर्ल्यांची बिळे दिसली की बाई थांबायच्या. मुठीएवढे बीळ अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला भगदाड पाडू शकते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे पीक नाही. म्हणून तर खाजनात कोरगूट पेरायचे, थोडे मीठ सोसणारे भात. कापणीनंतर मानस मुद्दाम उघडून पाणी आत घ्यायचे आणि कोळंबी-मासे धरायचे, हेही त्याच जमिनीचे दुसरे पीक. हे सगळे एकट्यादुकट्याच्या हातचे नव्हे. गावकरीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायच्या जुन्या व्यवस्थेत बांधाची राखण सगळ्यांची असे.

इतिहासही बाई तिथेच शिकवायच्या. शेजारचे जुवे बेट दाखवून सांगायच्या, की नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांचे सैन्य रात्री ओहोटी गाठून तिथे उतरले. आमचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा; पोर्तुगीज अमलात तो मयेमार्गे माशेलला गेला. आषाढात त्याच्या देवळापुढे चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, रंगतो, आणि चोडणच्या माणसाला तो चिखल परका वाटत नाही.

बेटाच्या पश्चिम टोकाला 1988 मध्ये डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य झाले. सुमारे 178 हेक्टर कांदळवन, रायबंदरहून येणाऱ्या फेरीबोटीतून उतरले की लगेच. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि खाली चिखलात रोवले जाते. निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावरून उड्या मारत जातात. पाहुणे हे बघून हरखतात, मीही हरखतो. पण एक गोष्ट मला बोचते. जिथे आमच्या लहानपणी भात होते, तिथेही आता कांदळ दिसते, आणि लोक म्हणतात किती हिरवे झाले! बांधाच्या आत कांदळ उगवले, याचा अर्थ बांध फुटला आणि कोणी भरला नाही. बाहेरचे कांदळ बांधाला लाटांपासून राखते. आतले मात्र पडीक शेताची खूण असते. हा फरक आमच्या मुलांना कळायला हवा, कारण समुद्राची पातळी चढते आहे आणि बांधांवर फिरणारी माणसे कमी होत आहेत.

बाई आज नाहीत. महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी शाळेला काय देणार, याची यादी चालू आहे. माझ्याकडून मानशीची चालती प्रतिकृती धरा: चौकट, टांगलेली फळी आणि दोन्ही बाजूंना पाणी भरायच्या काचेच्या टाक्या. सुतार ठरला आहे, लाकूड फणसाचे घेतले आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, ती कपाटात बंद ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तरी चौथीच्या मुलांना ओहोटीची वेळ बघून खरी मानस दाखवायला न्या.